भिंतीची ओल : तिचें निदान

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, कीं पुण्याच्या पेठांतील जुन्या घरांतून एक ओळखीचा वास येऊं लागतो. अंगणांतील मातीचा सुवास निराळा आणि हा निराळा. हा येतो माजघराच्या कोपऱ्यांतून, फडताळांतील जुन्या पुस्तकांतून, घडी करून ठेविलेल्या पांघरुणांतून. मग घरांतील कोणी म्हणतो, छप्पर गळतें. कोणी म्हणतो, नळ फुटला. आणि कोणी म्हणतो, वाडाच आतां जुना झाला, याचें आयुष्य संपलें. तिघेही भिंतीकडे एकदांच पाहतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच, कीं ओल ही एक वस्तु नाहीं. ती चार पांच निरनिराळ्या वाटांनीं घरांत शिरते. प्रत्येक वाटेची खूण वेगळी आणि प्रत्येकीचा उपायही वेगळा. खूण न ओळखतां केलेला उपाय पुष्कळदां मूळ रोगाहून वाईट ठरतो.

हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून मिळालें असतें तर बरें झालें असतें. तें मिळालें स्वतःच्या चुकीनें, आणि ती चूक येथें सांगितल्याशिवाय पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

सदाशिव पेठेंतील आमच्या वडिलोपार्जित वाड्यांत खालीं आम्ही राहतों व वरच्या मजल्यावर आमचे धाकटे बंधू सहकुटुंब राहतात. २००९ च्या पावसाळ्यांत आमच्या माजघराच्या पश्चिमेकडील भिंतीवर, तुळईच्या अगदीं खालीं, ताटाएवढा एक ओला डाग दिसूं लागला. तेथून दोन हातांवर, वरच्या मजल्यावर, बंधूंचें न्हाणीघर. आम्हीं त्याच क्षणीं ठरविलें, कीं हें पाणी न्हाणीघराचेंच. बंधूंकडे निरोप गेला, कीं पाणी जरा बेतानें वापरावें. सौ. भावजय कांहीं बोलल्या नाहींत. भासऱ्यांच्या शब्दाला उलट उत्तर देण्याची रीत आमच्या घरांत नाहीं. बंधूंनीं मात्र पदरचे पैसे खर्चून न्हाणीघराची सगळी फरशी उखडून नवी बसविली. दुसऱ्या पावसाळ्यांत डाग पुन्हां आला. आम्हीं पुन्हां बोल लावला. एका छपराखालीं राहून दोघां भावांचें बोलणें गणपतीच्या आरतीपुरतें आणि पितृपक्षांतील श्राद्धापुरतें उरलें.

तिसऱ्या वर्षीं श्रावणांत बंधू सर्व मंडळींना घेऊन आठ दिवस वाईस, आपल्या सासुरवाडीला गेले. वरचे नळ बंद, न्हाणीघर कोरडें ठणठणीत. त्या आठ दिवसांत पावसानें झड धरली आणि आमच्या डोळ्यांदेखत तो डाग ताटाचा सुपाएवढा झाला. लहानपणीं आम्हीं तर्कसंग्रह पाठ केला होता. अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द पुढें कित्येक विद्यार्थ्यांना समजावून दिले होते. कारण असतां कार्य असणें हा अन्वय. कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. न्हाणीघराचें पाणी नसतांनाही ओल वाढली, तेव्हां न्हाणीघर हें तिचें कारण नव्हे, हें शेंबड्या पोरालाही कळावें. आम्हांस तें कळावयास तीन पावसाळे लागले. उघडीप होतांच गवंड्याला छपरावर चढविलें. दोन छपरांच्या सांध्यांतील पन्हळ पालापाचोळ्यानें व पारव्यांच्या पिसांनीं तुंबली होती आणि तिच्या कडेचें एक मंगलोरी कौल फुटलें होतें. तेथून आंत आलेलें पाणी तुळईच्या कडेनें चार हात वाहत जाऊन आमच्या भिंतीवर उतरत होतें. पन्हळ साफ करण्यास अर्धा दिवस लागला. बंधूंकडे जाऊन क्षमा मागण्यास आम्हांस त्याहून अधिक वेळ लागला.

तेव्हांपासून आमचा नियम असा, कीं ओल दिसली असतां गवंड्याला बोलावण्यापूर्वीं आणि कोणास बोल लावण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : ती कोठें आहे? केव्हां वाढते? आणि सुकतांना मागें काय ठेवून जाते? यासाठीं लागणारें साहित्य म्हणजे एक पेन्सिल. डागाच्या कडेनें रेघ ओढून तिच्याशेजारीं तारीख लिहावी. दर आठवड्यास नवी रेघ ओढावी. पाऊस कधीं पडला, नळाला पाणी केव्हां आलें, वरची मंडळी गांवाला कधीं गेली, याची नोंद दिनदर्शिकेवर ठेवावी. दोन महिन्यांत भिंत आपली हकीकत आपणच सांगते.

पहिली ओल भूमीची. समईंतील वात जशी तेल वर ओढते, तशीं विटेंतील, मातींतील व चुन्यांतील सूक्ष्म छिद्रें जमिनींतील पाणी वर ओढतात. ही ओल नेहमीं भिंतीच्या पायापासून सुरू होते आणि सामान्यतः हात दीड हात, कोठें दोन हातांपर्यंत चढते. तिची वरची कड जमिनीला समांतर, किंचित् लाटेसारखी असते. एका सरीनें ती वाढत नाहीं आणि चार दिवसांच्या उन्हानें हटत नाहीं. उन्हाळ्यांतही ती थोडीबहुत राहते. तिची खरी खूण म्हणजे लोणा. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन उडून जातें, परंतु त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. त्यांची पांढरी, कणीदार भुकटी बोटाला लागते, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि झाडू फिरविला कीं भिंतीची रांगोळी खालीं पडते. हा लोणा पुढें हवेंतील दमटपणाही शोषून घेतो. म्हणून मूळ पाणी थांबल्यावरही कांहीं काळ भिंत ओलसर भासते.

आपल्या जुन्या कारागिरांना ही ओल पुरती ठाऊक होती. वाड्याचें जोतें ते घडीव काळ्या दगडाचें करीत आणि विटा व लाकूड त्याच्या वर चढवीत. आपल्या भागांतील काळा पाषाण घट्ट आहे. विटेसारखा तो पाणी पीत नाहीं. १७३० सालीं पायाभरणी झालेल्या शनिवारवाड्याचा तट आजही पाहावा : खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. पण दोष जोत्याचा नसून पुढच्या पिढ्यांचा आहे. रस्त्यावर खडी डांबराचे थरावर थर चढले, चौकांत फरशीवर फरशी बसली, भिंतीला लागून मातीचे ढीग व फुलझाडांचे वाफे आले. आमच्या ओसरीला लहानपणीं तीन पायऱ्या होत्या. आज दीड उरली आहे. जोतें जमिनींत गेलें म्हणजे जमिनीचें पाणी थेट विटेला भेटतें.

येथें आमची दुसरी चूक सांगतों, कारण ती आज घरोघर होत आहे. आमच्या मातोश्रींच्या खोलींत अशी ओल होती. एका गवंड्याच्या सल्ल्यानें आम्हीं जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा करविला. वर्षभर भिंत सुरेख दिसली. नंतर त्या सिमेंटच्या कडेच्या वर, छातीइतक्या उंचीवर, ओल फुटली. कारण सरळ आहे. चुन्याचा गिलावा भिंतींतील पाणी बाहेर उडूं देतो. सिमेंट ती वाट बुजवितें. कोंडलेलें पाणी वर चढतें आणि जेथें वाट मिळेल तेथें बाहेर पडतें. वाटेंत लाकडी खांब किंवा तुळईचें भिंतींत रोवलेलें टोंक असेल तर तें कुजूं लागतें. पुढें आम्हीं तें सिमेंट खरवडून काढलें, एक संपूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेविली, बाहेरील मातीचा ढीग हलविला, पावसाचें पाणी दूर नेणारी नाली केली आणि मग चुन्याचा गिलावा दिला. मातोश्रींना खोकल्याचा त्रास होता. त्यांत भिंतीचा वांटा किती होता हें वैद्यच जाणोत. परंतु त्या कोंदट खोलींत आम्हीं त्यांना दोन वर्षें निजविलें, याची टोंचणी अद्याप आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं ओल व बुरशी याच विषयावर एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली असून, दमट व बुरशी आलेल्या घरांचा दम्याशीं व श्वासाच्या इतर विकारांशीं संबंध आहे असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. म्हणून घरांतील सर्वांत ओलसर खोली ‘शांत आहे’ म्हणून म्हाताऱ्या माणसास किंवा बाळंतिणीस देण्याची आपली जुनी संवय सोडलीच पाहिजे.

दुसरी ओल पावसाची. ही भिंतीच्या कोणत्याही उंचीवर येते. बहुधा वरून खालीं उतरते. पाऊस पडल्यापासून कांहीं तासांत किंवा एखाद्या दिवसांत ती दिसते आणि उघडीप पडली कीं फिकी होते. पुण्यास वर्षाकांठीं साधारण सातशें ते साडेसातशें मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास याच्या कित्येक पट पडतो. तेव्हां एवढ्याशा पावसानें आमच्या भिंतीला काय होणार, असें पुणेकरास वाटतें. परंतु पावसाच्या मापापेक्षां त्याच्या रीतीला महत्त्व आहे. पुण्याची भुरभुर दिवसचे दिवस चालते आणि भिंतीला सुकावयास सवड मिळत नाहीं. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या अंगाची भिंत आधीं तपासावी. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात कीं भिंतीवरच येतात? कौलें सरकलीं आहेत काय? पन्हळ तुंबली आहे काय? दगडांच्या दरजांतील चुना झडला आहे काय? खिडकीच्या खालच्या कडेवर पाणी सांचतें काय? गच्चीच्या कठड्यांत पिंपळाचें रोप उगवलें असेल, तर त्याच्या मुळांनीं पाण्याला केव्हांच वाट करून दिली आहे असें समजावें. आणि हेंही विसरूं नये, कीं पाणी जेथें दिसतें तेथूनच शिरलें असेल असें नाहीं. तें तुळईवरून, वाशावरून, स्लॅबच्या पोटांतून लांबचा प्रवास करून येतें. आमची सारी फसगत याच ठिकाणीं झाली.

तिसरी ओल नळाची व मोरीची. हिला ऋतु नाहीं. वैशाखांत, सगळें गांव तापलें असतांना जर डाग तसाच ओला असेल, किंवा वाढत असेल, तर प्रथम हिचा संशय धरावा. हिचा डाग एकाच ठिकाणीं, गोलसर, मध्यें गडद व कडेला पिंवळट असतो. तो नळाच्या वेळेनंतर वाढत असेल तर दोष पाणी आणणाऱ्या नळांत; स्नानें व धुणें आटोपल्यावर वाढत असेल तर पाणी नेणाऱ्या मोरींत. मोरीच्या पाण्याला वासही येतो. परीक्षा सोपी आहे. रात्रीं निजतांना घरांतील सर्व तोट्या बंद कराव्या आणि मीटर असल्यास त्याचा आंकडा लिहून ठेवावा. मीटर नसल्यास गच्चीवरील टांकींत पाण्याच्या पातळीशीं खूण करावी. टांकींत वरून पाणी येत नाहीं अशा रात्रींच ही परीक्षा करावी. सकाळीं आंकडा पुढें गेला किंवा पातळी उतरली, तर कोठें तरी गळती आहे. मोरीचा संशय असेल तर तींत गुलालाचें पाणी ओतून एकदोन दिवस डागावर लक्ष ठेवावें. ही परीक्षा आम्हीं पहिल्या वर्षींच केली असती, तर बंधूंची चांगली फरशी वांचली असती.

चौथी ओल हवेची. आणि हिची ओळख नव्या फ्लॅटांत राहणाऱ्या आमच्या वाचकांनीं अवश्य करून घ्यावी. तांब्यांत थंडगार पाणी भरून ठेवलें, कीं बाहेरून थेंब जमतात. तांब्या कांहीं गळत नसतो. हवेंतील वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. भिंतीचेंही तसेंच होतें. भाताची वाफ, स्नानाच्या पाण्याची वाफ, पावसाळ्यांत खोलींत दोरीवर वाळणारे कपडे आणि घट्ट बंद होणाऱ्या खिडक्या, इतकें सगळें जमलें म्हणजे ती वाफ थंड कोपऱ्यांत, कपाटाच्या मागें, पलंगाच्या डोक्याशीं उतरते. हिच्यांत लोणा नसतो. हिची खूण म्हणजे काळ्या ठिपक्यांची बुरशी. खात्री करावयाची असल्यास स्वयंपाकघरांतील चकचकीत फॉइलचा हातभर तुकडा भिंतीवर चारी कडांनीं चिकटपट्टीनें घट्ट लावावा आणि दोन दिवसांनीं पाहावा. वरच्या अंगास दंव जमलें तर ओल हवेची. मागच्या अंगास जमलें तर ती भिंतींतूनच येत आहे. या ओलीला गवंडी नको. भांड्यांवर झांकण, न्हाणीघरांत व स्वयंपाकघरांत हवा बाहेर टाकणारा पंखा, कपाट भिंतीपासून चार बोटें दूर, आणि उघडीप असेल तेव्हां समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, इतकें पुरतें. बाहेर झड लागली असतां मात्र खिडकी उघडून भागत नाहीं. बाहेरची हवा तेव्हां स्वतःच ओली असते.

पांचवी ओल नव्या बांधकामाची. विटा भिजवितांना, चुना सिमेंट कालवितांना जें पाणी घरांत मुरतें, तें घराबाहेर पडावयास वेळ लागतो. भिंतीच्या जाडीच्या दर इंचास सुमारें एक महिना, असा एक ठोकताळा आहे. नऊ इंची भिंतीस म्हणजे पाऊण वर्ष झालें. वास्तुशांत होतांच चकचकीत तेली रंग देण्याची घाई केली, कीं पहिल्याच वर्षीं रंगाला फोड येतात आणि मालक बांधणाराला शिव्या देतो. ही ओल दरमहा कमीच होत जाते. पेन्सिलीच्या रेघा आंत आंत सरकतात. तसें होत असेल तर धीर धरावा.

व्यवहारांत या ओली एकेकट्या येतीलच असें नाहीं. एकाच भिंतीला खालून भूमीची आणि वरून पावसाची ओल असूं शकते. अशा वेळीं जें सर्वांत सोपें व स्वस्त, तें प्रथम करावें : पन्हळी साफ कराव्या, फुटलेलीं कौलें बदलावीं, भिंतीजवळची माती हलवावी, गळकी तोटी दुरुस्त करावी, आणि एक ऋतु थांबून उरलेल्या ओलीकडे पाहावें. ओल असतांना वर रंग किंवा ‘वॉटरप्रूफ’ लेप चढविणें म्हणजे गळूवर अत्तर लावणें होय.

यावरून कोणी असा अर्थ काढूं नये, कीं सर्वच ओल घरच्या घरीं निस्तरतां येते. मातीची भिंत कोरडी असतांना मोठा भार पेलते, पण भिजली कीं तिचें बळ जातें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें व पाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटून नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां मातीच्या भिंतींचीं घरें कशीं बसलीं, हें आमच्या वडिलांच्या तोंडून आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. भिंतीला पोट सुटलें असेल, नवी तडा रुंद होत असेल, दार एकाएकीं अडकूं लागलें असेल, तुळईच्या टोंकांत टोंचा सहज रुतत असेल, किंवा सिमेंटच्या स्लॅबला तांबूस डाग पडून खालीं गंजलेली सळई दिसत असेल, तर पेन्सिल खालीं ठेवावी आणि जाणत्या अभियंत्यास त्याच दिवशीं बोलवावें. पावसाळ्यापूर्वीं महानगरपालिका धोकादायक वाड्यांस नोटिसा देते, त्या कपाटांत ठेवण्यासाठीं नसतात. माणसापेक्षां वाडा मोठा नाहीं.

परंतु याच्या उलट बाजूही आहे. पेठांतून आज एकामागून एक वाडा उतरत आहे. कित्येक ठिकाणीं त्याला खरीं कारणें आहेत. जागा पुरत नाहीं, भाडें येत नाहीं, भावाभावांत वांटण्या होतात. पण कित्येक बैठकींत पहिलें वाक्य हेंच असतें, कीं "भिंती ओल धरतात, आतां यांत कांहीं राम नाहीं." आमच्या घरांतही ही बैठक झाली होती. त्या दिवशीं जर तो डाग हाच पुरावा मानला असता, तर एका तुंबलेल्या पन्हळीपायीं चार पिढ्यांचें घर गेलें असतें. वाडा ठेवावा कीं उतरावा, हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे; निर्णय मात्र खऱ्या कारणावर व्हावा.

आमच्या माजघराच्या भिंतीवर त्या पेन्सिलीच्या रेघा आम्हीं मुद्दाम पुसल्या नाहींत. हा लेख लिहून झाल्यावर तो वर जाऊन बंधूंना व भावजयींना वाचून दाखविला. बंधू हंसले. भावजय इतकेंच म्हणाल्या, "भाऊजी, पेन्सिल आधीं घेतली असतीत, तर तीं तीन वर्षें वांचलीं असतीं." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वाचकांनीं तरी ती आधीं घ्यावी.